कोशप्रकल्पांचे कालविषयक अंदाज : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही प्रकल्पाच्या प्रस्तावात 'अपेक्षित कालावधी' असा एक रकाना असतो. तो भरल्याशिवाय प्रकल्पास मंजुरी मिळत नाही, आणि त्यात भरलेल्या मुदतीत काम पूर्ण झाले असे क्वचितच घडते. धरणे, लोहमार्ग, संगणकप्रणाली, विद्यापीठीय संशोधन प्रकल्प, पीएच.डी.चे प्रबंध या सर्वच क्षेत्रांत हा अनुभव येतो. विलंबाची कारणे विचारली असता निधीची चणचण, मनुष्यबळाचा अभाव, प्रशासकीय दिरंगाई अशी यादी पुढे केली जाते. ही यादी खोटी नसते, परंतु ती अपुरी असते. ही कारणे प्रत्येक प्रकल्पात उद्भवत असतील तर ती आरंभीच्या अंदाजात धरली जावयास हवी होती. तेव्हा 'काम का लांबले?' हा प्रश्न दुय्यम ठरतो. ते लांबणार हे कळण्याजोगे असूनही अंदाज इतका आखूड का केला गेला, हा खरा प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कोशनिर्मिती आणि ग्रंथांच्या चिकित्सित आवृत्त्या या क्षेत्रांच्या मर्यादेत केला आहे. या कामांना निश्चित आरंभ आणि निश्चित अंत असतो. त्यांची पृष्ठसंख्या मोजता येते. त्यांच्या प्रकाशनाच्या तारखा नोंदलेल्या असतात. शिवाय महाराष्ट्रात, विशेषतः पुणे आणि वाई येथे, अशा कामांची मोठी परंपरा आहे. त्यामुळे अंदाज का चुकतात याचे परीक्षण करण्यास हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे.

इंग्लंडमधील दोन उदाहरणे

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७४६ मध्ये लंडनमधील पुस्तकविक्रेत्यांशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. हे काम तीन वर्षांत पूर्ण होईल अशी त्यांची अपेक्षा होती. फ्रेंच अकादमीच्या चाळीस सदस्यांना अशाच कोशासाठी चाळीस वर्षे लागली, याकडे त्यांचे लक्ष वेधण्यात आले होते. त्यांनी ते विनोदावारी नेले. जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये, म्हणजे करारानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, समधर्मी कामाची माहिती जॉन्सन यांना होती. ती आपल्या कामास लागू पडते, एवढे मात्र त्यांनी मानले नाही.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कामाचा विचार १८५७ मध्ये सुरू झाला. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी स्वयंसेवक वाचकांकडून येणाऱ्या अवतरणांच्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठी ५४ खणांचे एक कपाट करून घेतले होते. पुढे १८७९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी करार होऊन जेम्स मरे यांच्याकडे संपादन आले. मरे यांनी घराच्या आवारात उभारलेल्या कार्यशाळेत १,०२९ खण होते. कपाटाचा आकार हाही एक अंदाजच असतो, आणि कोलरिज यांच्या अंदाजातील त्रुटी या दोन आकड्यांतून दिसून येते.

करारसमयीची अपेक्षा चार खंड, सुमारे ६,४०० पृष्ठे आणि दहा वर्षे अशी होती. पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा निम्मा काळ उलटून गेला असता काम 'ए' या आद्याक्षरातील 'अँट' या शब्दापर्यंत पोहोचले होते. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. पृष्ठसंख्या १५,४९० भरली. मरे १९१५ मध्ये 'टी' या अक्षरावर काम करीत असतानाच निधन पावले होते.

या आकड्यांचे पृथक्करण केल्यास एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. दहा वर्षांऐवजी ४९ वर्षे लागली, म्हणजे काळ जवळजवळ पाच पटींनी वाढला. पृष्ठे मात्र सुमारे २.४ पटींनीच वाढली. अपेक्षित वेग वर्षाला ६४० पृष्ठांचा होता, प्रत्यक्षातील सरासरी ३१६ पृष्ठांची, म्हणजे निम्म्याच्याही किंचित खाली राहिली. याचा अर्थ असा की, कोश ठरल्याप्रमाणे ६,४०० पृष्ठांचाच झाला असता तरी त्यास सुमारे वीस वर्षे लागली असती. व्याप्तीचा अंदाज चुकला होता आणि गतीचाही. या दोन्ही चुका स्वतंत्रपणे पाहिल्या तर फार मोठ्या वाटत नाहीत. परंतु त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. व्याप्ती दुपटीने आणि संथपणाही दुपटीने वाढला तर काळ चौपट लागतो, हे साधे गणित आराखडे करताना सहसा ध्यानात घेतले जात नाही.

मानसशास्त्रीय आणि राजकीय उपपत्ती

अंदाजांच्या या चुकांविषयी अलीकडच्या काळात दोन प्रमुख उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत.

पहिली उपपत्ती डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांची. त्यांनी १९७९ मध्ये 'नियोजनविषयक भ्रम' ही संकल्पना मांडली. माणूस अंदाज करताना आपल्या योजनेच्या आत उभा राहून पाहतो. कामाचे टप्पे तो डोळ्यांपुढे आणतो, प्रत्येक टप्प्यास किती काळ लागेल ते ठरवतो आणि बेरीज करतो. अशाच प्रकारच्या इतर कामांना प्रत्यक्षात किती काळ लागला, हे तो विचारीत नाही. कानेमन यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात स्वतःचाच अनुभव नमूद केला आहे. इस्रायलमध्ये निर्णयप्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटाने दीड ते अडीच वर्षांचा अंदाज केला होता. त्याच गटातील अभ्यासक्रमतज्ज्ञास इतर गटांविषयी विचारले असता, सुमारे ४० टक्के गटांनी काम सोडून दिले आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षे लागली, असे त्यांनी सांगितले. विशेष म्हणजे दीड-अडीच वर्षांच्या अंदाजात त्यांचाही सहभाग होता. त्या पुस्तकास पुढे आणखी आठ वर्षे लागली.

ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष परिचयाचा वाटेल. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी पूर्ततेचा अंदाज विचारला. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. सर्व काही प्रतिकूल घडले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाचे सरासरी उत्तर ४८.६ दिवस असे होते. म्हणजे विद्यार्थ्यांनी कल्पिलेल्या अत्यंत वाईट परिस्थितीपेक्षाही वास्तव अधिक संथ निघाले.

दुसरी उपपत्ती बेंट फ्लिव्बेर्ग यांची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वाहतूक क्षेत्रातील २५८ प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्चाचा अंदाज कमी केलेला आढळला. हा अभ्यास खर्चासंबंधीचा आहे. तथापि त्यातील युक्तिवाद कालावधीलाही लागू पडतो. चुका अजाणतेपणी होत असत्या तर काही अंदाज कमी आणि काही अधिक निघाले असते, आणि अनुभव वाढेल तसे ते सुधारले असते. तसे घडत नाही. म्हणून मंजुरी मिळावी यासाठी अंदाज हेतुपुरस्सर कमी दाखवले जातात, असा फ्लिव्बेर्ग यांचा निष्कर्ष आहे.

या दोन्ही उपपत्ती मोलाच्या आहेत. परंतु कोशप्रकल्पांच्या संदर्भात त्या एक बाजू स्पर्श न करता सोडतात. कामाचे स्वरूप आणि आकार आरंभी निश्चित असतो, केवळ तो पाहणाऱ्याची दृष्टी सदोष किंवा हेतू अशुद्ध असतो, असे दोन्हींनी गृहीत धरले आहे. पुलाची लांबी बांधकामापूर्वी मोजता येते. भाषेतील शब्दांची संख्या मात्र कोश केल्याशिवाय कळत नाही. येथे कामाची व्याप्ती हाच कामाचा शोध असतो.

अपघातांचेही असेच आहे. मरे यांच्याकडे संपादन आले तेव्हा जुन्या चिठ्ठ्या सुमारे दोन टन वजनाच्या होत्या. मात्र काही अक्षरांच्या चिठ्ठ्या जागेवर नव्हत्या. 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत सापडल्या. 'पीए' या आद्याक्षरांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात होत्या आणि त्यांपैकी बहुतेक शेकोटी पेटवण्यासाठी वापरल्या गेल्या होत्या. कोणत्याही आराखड्यात आयर्लंडमधील तबेल्यासाठी रकाना असणे शक्य नाही. असा विशिष्ट अपघात संभवत नाही हे खरे. पण या ना त्या प्रकारचा अपघात घडणार हे जवळजवळ निश्चित असते. आतून केलेला अंदाज पहिल्या विधानावर उभा राहतो आणि दुसरे विसरतो.

पुणे आणि वाई येथील कामे

महाराष्ट्रातील अनुभव वरील विवेचनास पुष्टी देतो, आणि त्यात काही भरही घालतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद स्वीकारले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि पुढे डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ही धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये आवृत्ती पूर्ण झाली. ही ४७ वर्षे झाली. या कामात एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर त्या पर्वाची नेपाळमधील एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली. सुकथनकरांनी तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. छापलेले पर्व मोडून पुन्हा आरंभ केला नाही. नवे साधन कधीही सापडू शकते, म्हणून काम कुठे थांबवायचे हे साधने ठरवू शकत नाहीत, ते संपादकासच ठरवावे लागते. अशा कामाची मुदत ही काही अंशी निर्णयाची बाब असते, ती केवळ अंदाजाची राहत नाही.

डेक्कन कॉलेजमधील ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाची योजना डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांची. काम १९४८ मध्ये सुरू झाले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्दसंग्रह करण्यात आला. हे संकलन १९७३ पर्यंत चालले आणि त्यातून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमा झाल्या. डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. तेव्हापासून तीसहून अधिक भाग प्रसिद्ध झाले असूनही काम 'अ' या पहिल्याच अक्षरात आहे. ही वस्तुस्थिती अनेकदा उपहासाने सांगितली जाते. परंतु संस्कृतात 'अ' हे अक्षर असाधारण मोठे आहे. नकारार्थी 'अ-' आणि 'अन्-' यांनी आरंभ होणारे सर्व सामासिक शब्द त्यात येतात; शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव या उपसर्गांनी सुरू होणारे शब्दही त्यातच पडतात. त्यामुळे अक्षरांची संख्या मोजून प्रगतीचे प्रमाण काढणे चुकीचे ठरते. काम किती झाले हे मोजण्याचे माप जर विषम असेल, तर त्या मापाने केलेला अंदाजही विषम होणार. अर्थात, हे मान्य केल्यानंतरही हा कोश कोणत्या पिढीच्या हाती पूर्णरूपाने पडेल, हा प्रश्न उरतोच.

मराठी विश्वकोशाची कथा याहून वेगळी आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ नेमले गेले आणि विश्वकोशाचे काम वाई येथे सुरू झाले. परिभाषाखंड १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रीबुवांचे १९९४ मध्ये निधन झाले. विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ मध्ये निघाला. शब्दकोशास विलंब झाला तर वाचकास वाट पाहावी लागते. विश्वकोशास विलंब झाला तर त्याबरोबरच आधीचे खंड जुनेही होत जातात. पहिला खंड निघाला तेव्हा सोव्हिएट संघ अस्तित्वात होता आणि संगणक घरोघरी पोहोचला नव्हता. शेवटचा खंड निघाला तेव्हा पहिली गोष्ट इतिहासजमा झाली होती आणि दुसरी नित्याची. वर्णक्रमाने निघणाऱ्या ज्ञानसंग्रहात एखादा विषय किती अद्ययावत असेल हे त्याच्या आद्याक्षरावर अवलंबून राहते. तेव्हा चुकलेल्या अंदाजाची किंमत केवळ वर्षांत मोजून भागत नाही. ती ग्रंथाच्या गुणवत्तेतही मोजावी लागते.

अंदाज, उद्दिष्ट आणि वचन

वरील उदाहरणांतून असे दिसते की, 'अपेक्षित कालावधी' या एका रकान्यात तीन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात. काम बहुधा केव्हा पूर्ण होईल, हा अंदाज. ते केव्हा पूर्ण व्हावे, हे उद्दिष्ट. ते केव्हा पूर्ण करून देऊ, हे वचन. अंदाज हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. उद्दिष्ट ही इच्छा आहे. वचन हे नैतिक बंधन आहे. मंजुरी देणारी संस्था वचन मागते. संपादक उद्दिष्ट सांगतो. कागदावर मात्र त्यास अंदाज म्हटले जाते.

या सरमिसळीचे दोन दुष्परिणाम होतात. एक, अंदाज सुधारणे म्हणजे वचनभंग ठरतो. म्हणून मध्यावर वस्तुस्थिती स्पष्ट झाली तरी ती सांगण्याचे टाळले जाते आणि एकेक वर्षाची मुदतवाढ मागितली जाते. दोन, दबाव गतीवर येतो. ऑक्सफर्ड प्रेसच्या विश्वस्तांनी मरे यांच्याकडे संक्षेपाचा आणि वेगाचा तगादा सतत लावला होता. नवे संपादक नेमले गेले. परंतु जाणत्या माणसाचा वेळ नवख्यास तयार करण्यात जातो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी संगणकप्रणालींच्या संदर्भात १९७५ मध्ये हेच निरीक्षण मांडले: रेंगाळलेल्या कामावर ऐनवेळी माणसे वाढवल्यास ते अधिकच रेंगाळते.

यावर एक आक्षेप संभवतो. खरा काळ आधी सांगितला असता तर ही कामे सुरूच झाली नसती. तेव्हा आखूड अंदाज हे इष्ट अज्ञान होय. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये अशा अर्थाचा सिद्धान्त मांडला होता. अडचणी झाकल्या गेल्या म्हणूनच माणूस मोठे काम हाती घेतो आणि मग त्या सोडवण्याची शक्तीही त्याच्यात येते, असे त्यांचे म्हणणे. हा विचार आकर्षक असला तरी सदोष आहे. तो पूर्ण झालेल्या कामांकडे पाहून केलेला आहे. मध्येच थांबलेल्या कामांचा गौरवसमारंभ होत नाही, त्यामुळे ती हिशेबात येत नाहीत. कानेमन यांच्या उदाहरणातील ४० टक्के गटांचे काय झाले, हा प्रश्न हर्शमन यांच्या सिद्धान्तास विचारावयास हवा. शिवाय, आखूड अंदाजाचे मूल्य ज्यांनी चुकवले ते कोलरिज, मरे किंवा सुकथनकर यांनी आपल्या कामाचा शेवट पाहिला नाही. दीर्घ कामात संपादकांची पिढी बदलणार, हे आधी मान्य केले तर उत्तराधिकाऱ्यांची तयारी करता येते. आखूड अंदाज ती शक्यताच बंद करतो.

केतकरांचे उदाहरण

महाराष्ट्रीय ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी तेवीस खंडांचे काम मुख्यतः एका संपादकाच्या कारकिर्दीत तडीस नेले. त्यासाठी त्यांनी मर्यादित भांडवलाची कंपनी स्थापन केली. या यशाइतकीच, किंबहुना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट म्हणजे, त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहून ठेवला. काम कसे उभे राहिले, पैसा कसा जमला, अडचणी कोणत्या आल्या, याची नोंद करणारे असे पुस्तक मराठीत विरळा.

या पुस्तकाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. अंदाज बाहेरून करावयाचा तर समधर्मी कामांचा इतिहास उपलब्ध असावा लागतो. हा इतिहास बहुधा लिहिला जात नाही, कारण विलंब हा दोष मानला जातो आणि दोषाची नोंद कोणी ठेवीत नाही. परिणामी प्रत्येक नवा संपादक पहिल्यापासून सुरुवात करतो. याउलट, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशाच्या कामात मुरलेले होते. त्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. एका कामाचा अनुभव पुढच्या कामास कसा उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण म्हणता येईल. अनुभव माणसांबरोबर आला तर तो एका पिढीपुरता राहतो. नोंदीतून आला तर तो सर्वांचा होतो.

निष्कर्ष

१. प्रकल्पांचे कालविषयक अंदाज चुकतात याचे मूळ कारण असे की, ते योजनेवरून केले जातात. समधर्मी कामांच्या इतिहासावरून केले जात नाहीत.

२. कोशप्रकल्पांत व्याप्ती आणि गती या दोन्हींचा अंदाज चुकतो आणि त्या चुकांचा गुणाकार होतो.

३. मानसशास्त्रीय भ्रम आणि मंजुरीचे राजकारण ही दोन्ही कारणे खरी असली तरी, कामाची व्याप्ती कामातूनच उलगडते या तिसऱ्या कारणाची दखल घेणे आवश्यक आहे. म्हणून मध्यम आकाराच्या एखाद्या अक्षराचे काम नमुन्यादाखल पूर्ण करून मगच अंदाज करणे आणि तो नियतकालाने सुधारणे इष्ट होय.

४. अंदाज, उद्दिष्ट आणि वचन यांचे रकाने प्रस्तावात स्वतंत्र असावेत. अंदाजाची दुरुस्ती हा अपराध मानला जाऊ नये.

५. प्रत्येक दीर्घ प्रकल्पाच्या शेवटी, तो अपुरा राहिला तरीही, त्याच्या कामाचा इतिहास प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.

या शेवटच्या सूचनेचा संबंध महाविद्यालयांशीही पोहोचतो. अध्यापकांचे संशोधन प्रकल्प मंजूर होतात, मुदतवाढ घेतात, पूर्ण होतात किंवा बंद पडतात. परंतु ठरलेला काळ आणि लागलेला काळ यांची तुलना करणारी एखादी साधी नोंदवहीसुद्धा क्वचितच ठेवलेली असते. ती ठेवली तर पुढील प्रस्ताव लिहिणाऱ्या अध्यापकास आपला 'अपेक्षित कालावधी' कल्पनेतून काढावा लागणार नाही. आपल्याच महाविद्यालयातील मागील दहा प्रकल्पांना किती काळ लागला, हे पाहून त्यास तो रकाना भरता येईल.